मैदान कोण ओलं करणार? दक्षिण नागपुरातल्या एका खो-खो मंडळाचं प्रकरण

हे प्रकरण आमच्या मित्राच्या जाण्यानंतरच्या अडीच वर्षांचं आहे. नावं, वस्ती आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मुलं त्याला ‘भाऊ’ म्हणायची, त्यांचे आईबापही, आणि शेवटी शेवटी आम्ही वर्गमित्रसुद्धा. म्हणून इथेही तो भाऊच. लिहिण्याचं कारण एवढंच की त्याची आठवण राहावी म्हणून आम्ही जे पहिलं काम हाती घेतलं, त्या कामापायीच त्याने उभं केलेलं सगळं बंद पडायची वेळ आली होती. गल्लीबोळातली अशी मंडळं चालवणाऱ्यांच्या हे उपयोगी पडावं.

पार्श्वभूमी

भाऊ सरकारी कार्यालयात लिपिक होता. कॉलेजात असताना नागपूर विद्यापीठाच्या खो-खो संघातून खेळला. पुढे गुडघा गेला, पळणं थांबलं, पण मैदान सुटलं नाही. आमच्या ले-आउटमध्ये सार्वजनिक वापरासाठी सोडलेली एक मोकळी जागा आहे. तिथे तेव्हा बाभळी आणि कचरा होता. १९९० च्या दशकात त्याने आणि आम्ही चार-पाच जणांनी ती साफ केली, दोन खांब गाडले आणि मुलं जमवायला सुरुवात केली. नंतर आम्ही नोकरी, लग्न, बदल्या यांत पांगलो. तो तिथेच राहिला.

खो-खोला काही खर्च नाही, दोन खांब आणि मोकळी जागा असली की झालं, असं सगळे म्हणतात. ज्याने कधी मैदान राखलेलं नाही त्यालाच हे बोलता येतं. मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. नागपूरची माती काळी. पावसात तळव्याला चिकटते, उन्हाळ्यात तिला अंगठा जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर मुरूम टाकायचा, वर चाळलेली माती पसरायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. हे एकदा करून भागत नाही, दर पावसाळ्यानंतर पुन्हा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की सराव पहाटे साडेपाचला, आणि त्यासाठी मैदान आदल्या रात्री ओलं व्हायला हवं. नाही झालं तर धूळ उठते आणि सूर मारणाऱ्या पोराचे कोपर-गुडघे सोलून निघतात.

भाऊ रात्रीचं जेवण झालं की शेजारच्या मंदिराच्या बोअरिंगची मोटर लावायचा. पाईप खांद्यावर, तोंडाशी अंगठा दाबलेला, म्हणजे धार फुटून फवारा पडतो आणि माती वाहून जात नाही. पाऊण तास तो तसा मागे मागे सरकत असायचा. सकाळी मुलं यायच्या आधी चपला काढून या खांबापासून त्या खांबापर्यंत अनवाणी चालायचा. खडा टोचला की वाकून उचलायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा. वहिनी सांगतात, याचा शर्ट भिजवायच्या आधी खिसा झटकावा लागायचा.

शिकवतानाही त्याचं लक्ष अशाच लहान गोष्टींवर. खो देताना हाताचा स्पर्श आणि तोंडचा शब्द एकाच वेळी व्हायला हवा, नाहीतर फाऊल. यावर तो आठवडे घालवायचा. “तोंडात खो अन् हात पाठीवर, एका टायमाला!” हे वाक्य ले-आउटमधल्या बायांनाही पाठ झालं होतं. आणि दर वर्षी नव्या मुलांना अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची गोष्ट सांगायचा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. “इथून दीडशे किलोमीटरवरचे लोक होते ते,” असं तो म्हणायचा. पोरांचे डोळे मोठे झाले की त्याला बरं वाटायचं.

अडचण

२०२३ च्या मे महिन्यात, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या दोन दिवस आधी, पहाटे मैदानावर निघण्याच्या तयारीत असताना तो हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय ५४. त्या वेळी मंडळात ४२ मुलं-मुली होत्या. अंत्ययात्रेला ती सगळी खेळाच्या कपड्यांत आली, कोणी सांगितलेलं नसताना.

तेराव्याच्या संध्याकाळी आम्ही सहा मित्र बसलो. आमच्यासमोरचा प्रश्न आम्हाला एकच दिसत होता: भाऊची आठवण कशी ठेवायची? दुसरा प्रश्न दिसतच नव्हता, आणि खरी अडचण तीच होती. मंडळ म्हणजे तो एकटा होता. मंडळाची नोंदणी नव्हती. पालकांची आणि आमची वर्गणी त्याच्या स्वतःच्या बचत खात्यात जात होती. मोटरच्या खोलीची किल्ली त्याच्या स्कूटरच्या किल्लीला अडकवलेली होती. आणि सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे शाळांशी असलेला संबंध.

हे जरा समजावून सांगायला हवं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तिथे मंडळाला संघ उतरवता येत नाही, प्रवेशिका शाळेकडूनच जाते. पुढे जिल्हा, विभाग, राज्य अशी वाट. तिथली प्रमाणपत्रं दहावी-बारावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांसाठी लागतात. पुढच्या पातळीवर खेळलेल्यांना सरकारी नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे. ज्या घरात बाप हमालीला आणि आई धुणीभांडी करायला जाते, त्या घरात या कागदाची किंमत काय असते हे भाऊला माहीत होतं. म्हणून जुलै लागला की तो मुलांच्या शाळा-शाळांत जाऊन पीटीच्या सरांना भेटायचा, जन्मतारखा आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स स्वतः नेऊन द्यायचा. हे काम तो करतो हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय स्मृती चषकाचा. त्याच्या नावाने दोन दिवसांची खो-खो स्पर्धा. सगळ्यांच्या मनात आधी हेच आलं, कारण नागपुरात गेलेल्या खेळाडूची आठवण अशीच ठेवलेली आपण पाहतो.

दुसरा, मैदानाला नाव आणि कमान. आमच्यातला कंत्राटदार मित्र खर्च करायला तयार होता. “नाव तर राह्यलं पाहिजे न भाऊचं,” हा त्याचा मुद्दा, आणि त्यात काही चूक नव्हती. पण जागा सार्वजनिक. नाव द्यायचं तर रीतसर मंजुरी हवी, आणि महापालिकेत २०२२ च्या मार्चपासून प्रशासक. पाठपुरावा करायला नगरसेवकच नव्हता. तो विषय बाजूला पडला.

तिसरा, मुदत ठेव करून व्याजातून दर वर्षी एका मुलीला मदत. बँकेतल्या मित्राने हिशेब मांडला, पण ठेव कोणाच्या नावावर ठेवायची? मंडळ कागदावर कुठेच नव्हतं. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था करायची तर किमान सात सदस्य, घटना, ठराव, मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास म्हणून नोंद. “एवढ्यात कोण पडते?” असं कोणीतरी म्हटलं आणि आम्ही पुढे गेलो.

सराव चालू ठेवणं हा पर्याय म्हणून कोणी मांडलाच नाही. तो चालूच राहील असं आम्ही धरून चाललो होतो. मोठी मुलं घेतील लहानांचा सराव, असं मीच म्हणालो होतो.

निर्णयाच्या त्या संध्याकाळकडे मी पुन्हा पुन्हा जातो. आम्ही दुःखात होतो, आणि दुःखात माणसाला काहीतरी मोठं करावंसं वाटतं. रोज रात्री पाऊण तास पाईप धरणं हे स्मारक असू शकतं, असं त्या दिवशी कोणाला सुचणं कठीणच होतं.

आम्ही काय केलं

स्मृती चषक ठरला, डिसेंबरचा. जूनपासून आमची सगळी ताकद त्यात गेली: देणगी, संघांना पत्रं, पंच, पदकं, जेवण, पाहुणे. दर रविवारी बैठक व्हायची आणि ती मैदानापासून पन्नास पावलांवर व्हायची. मैदानाकडे कोणी गेलं नाही.

दरम्यान शालेय स्पर्धांच्या प्रवेशिका भरायची वेळ आली आणि निघून गेली. आमची एक मुलगी १७ वर्षांखालच्या गटात शेवटच्या वर्षाला होती. पळतीत, म्हणजे पाठलाग चुकवत पळण्यात, तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती बसलेल्या आक्रमकांमधून साखळी घेत निघाली की भाऊ शिट्टी वाजवायचं विसरायचा. तिच्या शाळेत तिच्यासाठी दर वर्षी भाऊच जायचा. त्या वर्षी कोणी गेलं नाही, शाळेने संघ पाठवला नाही. ती आम्हाला काही बोलली नाही. आम्हाला कळलं तेव्हा ऑक्टोबर संपला होता.

डिसेंबरमध्ये स्पर्धा झाली, आणि छान झाली हे मला मोकळेपणाने सांगायचं आहे. बारा संघ आले. भाऊचा मोठा फोटो, हार, त्याच्या जुन्या सोबत्यांची भाषणं. वहिनींचे डोळे भरून आले, आमचेही. पण आमचा संघ पहिल्याच सामन्यात एका डावाने हरला, कारण सहा महिन्यांत त्यांचा धड सरावच झाला नव्हता. आमची लहान मुलं दोन दिवस पाहुण्यांना पाणी देत फिरत होती.

आणि मंडपाचे खड्डे. मंडपवाल्याने बांबूसाठी मैदानाच्या कडेने आणि एका बाजूला थेट लॉबीत, म्हणजे मैदानाभोवती सोडलेल्या मोकळ्या पट्ट्यात, खड्डे केले होते. स्पर्धा आटोपल्यावर त्याने बांबू उपटले, भुसभुशीत माती पायाने ढकलली आणि गेला. चौथ्या दिवशी एका अकरा वर्षांच्या पोराचा पाय त्यातल्या एका खड्ड्यात गेला. घोटा सुजला, तीन आठवडे प्लास्टर. भाऊच्या नावाने केलेल्या खड्ड्यात भाऊचं पोर पडलं. ही गोष्ट मला अजून लागते.

मार्चपर्यंत नऊ मुलं उरली. मुलगी एकही नाही.

होळीच्या आधी एका संध्याकाळी वहिनी मैदानावर आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत भाऊच्या डायऱ्या. त्यांनी एक उघडून माझ्यासमोर धरली आणि एका नावावर बोट ठेवलं. “भाऊजी, ही पोरगी येते का अजून?” तीच ती पळतीची मुलगी. मी म्हणालो, नाही. “काऊन नाही येत?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मी त्या रात्री डायऱ्या वाचल्या. हजेरी होती, खर्च होता: फक्की (रेषा आखायची पांढरी पूड) दोन पोती, पाईपचा जोड, मुरूम अर्धा ट्रॅक्टर. वर्गणीपेक्षा खर्चाचा आकडा दर वर्षी मोठा, म्हणजे फरक त्याच्या पगारातून जात होता. पण मला अडवलं ते हजेरीशेजारच्या एका रकान्याने. वर लिहिलं होतं ‘घरी जाणे’. मूल तीन दिवस आलं नाही की तिथे खूण, आणि मग त्याच्या बारीक अक्षरात: ‘आईला बरं नाही.’ ‘ट्यूशन लागली, वेळ बदलून दिली.’ ‘वडील नको म्हणतात, पुन्हा जाणे.’ ‘पुन्हा गेलो. हो म्हणाले.’

त्या मुलीच्या घरी आम्ही दोघं गेलो. तिची आई बोलली. मैदानापासून त्यांच्या घरापर्यंतच्या गल्लीत दिवे नसतात. संध्याकाळी सराव सुटला की भाऊ स्कूटर ढकलत मुलींबरोबर पायी जायचा, एकेकीला दारात सोडायचा. तो गेला आणि मुलींना एकट्याने यावं लागलं, म्हणून घरच्यांनी पाठवणं बंद केलं. “आमचा विश्वास त्याच्यावर होता,” ती म्हणाली. इतकं साधं कारण होतं आणि दहा महिने आम्ही ते विचारलं नव्हतं.

मग आम्ही पुन्हा बसलो, या वेळी मैदानावर. डायऱ्यांवरून भाऊ काय काय करत होता त्याची कामं कागदावर उतरवली आणि वाटून घेतली. रात्री पाणी मारायला आठवड्याचे दिवस ठरले. बँकेतल्या मित्राकडे हिशेब. शिक्षक मित्राकडे शाळा आणि प्रवेशिका. मुलींना घरी सोडायला दोन पालक आणि आमच्यातला एक, रोज. घरी जाण्याचं काम माझ्याकडे. एक माणूस नोकरी सांभाळून जे करत होता, त्याला आम्ही सहा जण आणि चार पालक लागलो.

शिकवायचं कोणी, यावर मात्र वाद झाला. भाऊच्याच हाताखाली खेळलेली एक मुलगी तेव्हा बी.पी.एड. करत होती. ती तयार होती. प्रश्न मानधनाचा होता. मी विरोधात होतो. भाऊने तीस वर्षांत एक रुपया घेतला नाही, आणि त्याच्या मैदानावर पैशाचा विषय काढणं मला त्याचा अपमान वाटत होता. वहिनींनी मला थांबवलं. “त्यांना पगार होता भाऊजी. तिला फी भरायची आहे.” मानधन सुरू झालं. ते थोडं आहे, पण महिन्याच्या पाच तारखेला जातं. विनामूल्य सेवेचा आदर करताना आपण ती दुसऱ्याकडून मागायला लागतो, हे मला त्या दिवशी समजलं.

निकाल

२०२४ च्या पावसाळ्यात, मंदिराच्या सभामंडपात, सराव पुन्हा रोज सुरू झाला. सध्या ३१ मुलं येतात, त्यात १४ मुली. संस्थेची नोंदणी झाली, खातं संस्थेच्या नावावर आहे आणि दोघांच्या सहीशिवाय पैसे निघत नाहीत. मागच्या हंगामात आमच्या दोन मुली आपापल्या शाळांकडून विभागीय पातळीपर्यंत खेळल्या.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवलं, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. मुलांनी ते सामने सभामंडपात मोबाइल भिंतीला टेकवून पाहिले. भाऊ हवा होता, एवढंच सगळ्यांच्या तोंडी. त्यानंतर पालकांनी मॅटचा विषय काढला. तिथला खेळ मॅटवर होतो, मोठ्या स्पर्धाही तिकडेच चालल्या आहेत, मग आपली मुलं मातीत का? म्हणणं खरं आहे. पण मॅटला छप्पर लागतं, आणि मॅट मावेल एवढी छप्पर असलेली जागा आमच्याकडे नाही. सध्या मोठ्या गटाला पंधरा दिवसांतून एकदा भाड्याच्या सभागृहात नेतो. मातीचं मैदान सोडलेलं नाही.

दुसरा स्मृती चषक आम्ही घेतला नाही. पुण्यतिथीला जुने-नवे सगळे पहाटे जमतात, अनवाणी ओळीने चालत खडे वेचतात, दोरी ताणून फक्की मारतात, मग तर्री-पोहे. कंत्राटदार मित्राला कमान अजून हवी आहे. होईलही कधीतरी, माझा विरोध नाही.

आज वेगळं काय केलं असतं

पहिल्या आठवड्यात किल्ली, डायऱ्या आणि फोनमधले नंबर मागितले असते. जुलैमध्ये वहिनींनी स्वतः विचारलं होतं, “खात्यात मंडळाचे किती आहेत ते सांगा, देऊन टाकते.” आम्ही संकोचाने म्हणालो, राहू द्या वहिनी. पैसे राहू दिले ते ठीक, पण तेव्हाच वह्या मागितल्या असत्या तर आठ महिने वाचले असते. शोकाच्या घरी कागद मागणं वाईट दिसतं, ही आमची समजूत. वहिनींना मात्र कोणीतरी ते मागावे असं वाटत होतं, हे त्यांनी नंतर सांगितलं.

स्पर्धा पहिल्याच वर्षी घेतली नसती. घेतलीच तर दुसऱ्या मैदानावर, मंडप न घालता. आणि भाऊ असतानाच दर पावसाळ्यात एक महिना त्याला सुट्टी देऊन काम आम्ही करून पाहायला हवं होतं. तो थकला आहे हे आम्हाला दिसत होतं. गेल्या दोन-तीन वर्षांत पाईप ओढताना तो मध्येच खांबाला टेकून उभा राहायचा. आम्ही शतपावलीला निघालेले असायचो, हात करायचो आणि पुढे जायचो.

त्या पळतीच्या मुलीचं वर्ष मात्र भरून निघालं नाही. आम्ही तिच्या घरी चार वेळा गेलो. आता सोडायला माणूस आहे, हे सांगितलं. आईने ऐकून घेतलं, चहा दिला. मुलगी बारावीला आहे, संध्याकाळी एका दुकानात काम करते. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे ‘पुन्हा जाणे’ असं लिहिलेलं आहे. दिवाळीनंतर जाईन.